चमचाभर विरजण

आमच्या खानावळीत एक नियम आहे: दही वाढण्याआधी विरजणापुरतं बाजूला काढायचं. बाकीचे नियम आमचे हे, मन्मथअप्पा, भिंतीवर लिहून ठेवतात आणि स्वतःच मोडतात. हा भिंतीवर नव्हता, म्हणून मला वाटलं टिकेल.

त्या दिवशी पोरांची कसलीतरी परीक्षा होती. लातुरात रोजच कुणाची ना कुणाची असते. ह्यांनी सकाळी दारात उभं राहून पोरांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आमच्याकडं जेवत नाहीत अशीही काही पोरं रांगेत होती. संध्याकाळी मी पातेलं उघडलं, तर तळाला चमचाभर दही.

"विरजण?" मी विचारलं.

"पोरं लई घाबरली होती," हे म्हणाले.

तेवढ्यात आमच्या माडीवर भाड्यानं राहणारी दीपाली बॅग घेऊन उतरली. तिला मुंबईची गाडी धरायची होती. अणुऊर्जेच्या नोकरीची मुलाखत, दुसऱ्यांदा.

दीपाली किनवटची. नांदेडला फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली, आता इथल्या एका क्लासमध्ये पोरांच्या शंका सोडवते. मागच्या वर्षी मुलाखतीत तिला विचारलं होतं, ब्रीडर अणुभट्टी जाळते त्यापेक्षा जास्त इंधन कसं तयार करते? ही म्हणाली, "होतं, सर." आणि गप्प बसली. सगळं येत होतं, पण अनोळखी माणसं समोर बसली की तिचं तोंड मिटतं. यंदा नाही झालं तर गावाकडच्या आश्रमशाळेत शिकवायला लाग, असं तिच्या वडिलांनी, देविदासभाऊंनी, सांगून ठेवलंय. नोकरी वाईट नाही. पण हे मला सांगताना तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली होती.

"काकू, दही-साखर," तिनं हात पुढं केला. एम.एस्सी. आहे, पण त्याशिवाय ती साध्या बँकेतसुद्धा जात नाही.

मी तिला पातेलं दाखवलं आणि वाटी घेऊन शेजारच्या शरणम्माअव्वांकडं गेले. त्यांच्या देवापुढं समई लागली होती.

"दिवेलागणीला विरजण मागाय आलीस? घरातली लक्ष्मी काढून देऊ व्हय?"

"अव्वा, पोरगी मुलाखतीला निघालीय."

"मग दुपारी यायचं. मुलाखत काय आत्ता ठरली?"

रिकामी वाटी घेऊन परत आले. ओट्यावर कोमट दूध तयार होतं. इकडं दूध, तिकडं दीपालीचा तळहात, आणि माझ्या हातात तळातल्या दह्याचा तो एकच चमचा.

"दुकानातून पाकीट आणू का?" हे म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडं बघितलं. हे विरजण माझ्या माहेरचं, शिरूर अनंतपाळचं. आई गेली, म्हशी गेल्या, हे तेवढं राहिलंय.

"तुमच्या त्या भट्टीत बरंय बाई," हे तिला म्हणाले. "असली पंचाईत नसंल."

"हीच तर पंचाईत हाय, अप्पा," दीपाली म्हणाली. तिची नजर चमच्यावर होती. "प्लुटोनियम फुटलं की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. एक पुढचं फोडायला राखून ठेवायचा, न्हाई तर भट्टी विझते. दुसरा भोवतीच्या साध्या युरेनियमला द्यायचा. ते म्हणजे दूध, आपण होऊन पेटत न्हाई. न्यूट्रॉन गिळला की थोड्या दिवसांत त्याचंच प्लुटोनियम होतं. म्हणजे एक जळलं, एक लागलं."

"मग जास्त कुठून येतं?" मी विचारलं.

"वरचा एखादा वाचला तर. काही बाहेर निसटतात, काही भांड्यालाच चिकटतात. तेवढं सांडणं कमी ठेवलं की एकाच्या जागी एकाहून थोडं जास्त पडतं. लई न्हाई. दुप्पट व्हायला वर्षं जातात."

"आणि दूध संपलं तर?"

"तर संपलं. फुकट काहीच न्हाई, काकू. पण साधं युरेनियम ढिगानं पडून हाय."

"पाणी किती घालतात?" ह्यांनी विचारलं. ह्यांचा दुनियेत एकाच गोष्टीवर संशय आहे.

"घालतच न्हाईत. पाण्यानं न्यूट्रॉन मंदावतात, मग हिशेब बसत न्हाई. सोडियम वितळवून फिरवतात."

"हे आमच्या व्यंकटीला सांगून जा." व्यंकटी आमचा दूधवाला.

ती न अडखळता शेवटपर्यंत बोलली होती. मी तिला तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर परत मिटली असती.

तिनं माझ्या हातातून चमचा घेतला. अर्धं दही दुधात ढवळलं, अर्धं स्वतःच्या तळहातावर घेतलं. मी वर साखर टाकली. चमच्याला उरलेलं ह्यांनी चाटलं.

"हे बाहेर निसटलेले," दीपाली म्हणाली आणि गाडीला गेली.

दुसऱ्या दिवशीचं दही इतकं पातळ लागलं की पोरं त्याला दूध म्हणाली. दुपारी तिचा फोन आला.

"काकू, लागलं का दही?"

"लागलं म्हणायचं. तुझं?"

"त्यांनी तेच विचारलं. मी बोलत राहिले. एक सर म्हणाले, बास, मला आता ताक प्यावंसं वाटतंय."

तिची निवड झाली. सामान न्यायला आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता, घट्ट झाकणाचा.

"काकू, विरजण द्या. तिकडं लावीन."

मी बाहेर बघितलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. शरणम्माअव्वा त्यांच्या दारातून आमच्याकडंच बघत होत्या.

"आता न्हाई," मी म्हणाले. "दिवे लागलेत."

"काकू, तुम्ही पण?"

"सकाळी देते. सकाळच्या गाडीनं जा."

अव्वांनी मान हलवली. दीपालीनं माझ्याकडं बघितलं, डबा ओट्यावर पालथा घातला आणि विचारलं, "भाजी कशाची हाय?"