पॉलिनबाईंची खुर्ची

मी हेडफोन बोलतोय. खरं तर आजवर मी स्वतःचा असा एक शब्दही बोललेलो नाही. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. पण आता मला रिकामा वेळ आहे, तेव्हा थोडं माझं सांगतो.

माझं जन्मगाव विचाराल तर माझी पंचाईत होते. माझी वायर एका देशात तयार झाली, कानावरच्या गाद्या दुसऱ्या देशात, आणि सगळं जोडलं ते तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात. जिनं मला जोडलं त्या मुलीनं मला तोंडाजवळ धरून आपल्या भाषेत पाच आकडे म्हटले, मान डोलावली आणि खोक्यात ठेवलं. तिच्या मागच्या बायका आपसात बोलत होत्या, की हा कारखाना पूर्वी दुसऱ्या शहरात होता, तिथली मजुरी वाढली म्हणून इथं आला. मी तेव्हा नवा होतो. त्याचा अर्थ मला कळला नाही.

खोकं उघडलं ते नांदेडला. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वरच्या मजल्यावर चाळीस खुर्च्यांचं ऑफिस. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका पाणी कंपनीचे फोन तिथं घ्यायचे होते. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, बिल चुकलं, अशा तक्रारी तिकडचा माणूस फोनवर सांगणार आणि त्या ऐकणार नांदेडातलं कुणीतरी. करोनापासून तिथं एक नियम होता. ज्याचा हेडफोन त्यानंच वापरायचा, सुटी झाली की घरी न्यायचा. म्हणून मला ऑफिसही पाहायला मिळालं आणि घरही.

मी विशाखाच्या वाट्याला आलो. चोवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, ही तिची पहिलीच नोकरी. वडील आनंदराव शहरातल्या एका कापड गिरणीत मागावर होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी बरीच वर्षं एका शाळेत शिपायाचं काम केलं. आई महामाया अंगणवाडी सेविका. मूळ गाव नायगावकडचं, पण आता नांदेडकरच झालेले. विशाखानं पहिल्या दिवशी मला घरी नेलं तेव्हा महामायानं मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा वायरीतून विलायत ऐकू येती व्हय?"

विशाखाच्या शेजारच्या खुर्चीवर ऋतुजा बसायची. ती लातूरची. नांदेडात खोली करून राहायची. तिच्या डब्यात घरून आलेली शेंगदाण्याची चटणी असायची आणि ती दोघींत संपायची. दोघींची पहिल्या आठवड्यातच घट्ट मैत्री झाली.

पहिले सहा आठवडे शिकण्याचे होते. शिकवायला तिकडून, संगणकाच्या पडद्यावर, पॉलिनबाई यायच्या. वय सत्तावन्न, पांढरे आखूड केस, बावीस वर्षं त्याच पाणी कंपनीत फोन घेतलेल्या. शिकवायच्या त्या मात्र कोरडेपणानं. "पान चौदा. वाचा. शंका आहे? नाही? पान पंधरा."

कानावर असल्यामुळे मला माणसांच्या सवयी जवळून कळतात. खोटं बोलताना माणूस माझी वायर बोटाला गुंडाळतो. राग आला की माझा माइक तोंडापासून लांब ढकलतो. पॉलिनबाई रोज माइक लांब ढकलून शिकवायच्या, हे मला त्यांच्या आवाजावरून कळायचं.

"ही बाई आपल्यावर कशाला चिडून राहिली?" ऋतुजा विचारायची.

"थंडी लई असंल तिकडं," विशाखा म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात खरे फोन सुरू झाले. एका दुपारी एका बाईचा फोन आला. बिलाची चौकशी झाली, आणि मग तिनं विचारलं, "तुम्ही भारतातून बोलताय ना? माझी शेजारीण याच कंपनीत आहे. तुम्हाला काम आलं की तिचं जाणार. तीच तुम्हाला शिकवतेय म्हणे. कसं वाटतं तुम्हाला?"

 कागदावर लिहून दिलेलं वाक्य विशाखानं वाचलं, "आणखी काही मदत हवी आहे का?" त्या बाईनं फोन ठेवला.

विशाखानं मला कानावरून काढून गळ्यात घेतलं आणि ती ईश्वरप्पा सरांच्या टेबलाकडे गेली. ईश्वरप्पा उदगीरचे, या ऑफिसचे प्रमुख. मनाचा बरा माणूस, पण वरून आलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही.

"खरं हाय," ते म्हणाले. "त्या बाराजणी हायत. तुम्ही परीक्षा पास झालात की त्यांचं काम संपलं. शिकवलं न्हाई तर जाताना जे पैसे मिळायचे तेबी मिळणार न्हाईत त्यांना. पण हे त्यांच्यासंगं बोलायचं न्हाई. सक्त ताकीद हाय."

त्या दिवशी घरी विशाखा जेवली नाही. मी खुंटीवर लटकलेलो होतो. आनंदराव समोर येऊन बसले.

"काय झालं माय?"

तिनं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, मी परीक्षेत मुद्दाम नापास झाले तर?"

"तर तुझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसंल. त्या बाईला काय फरक पडतो?"

 मग त्यांनी तिला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. गिरणी बंद झाली तेव्हा तिथले माग दुसऱ्या राज्यातल्या मालकानं घेतले. ते कसे चालवायचे हे पाहायला त्याची चार माणसं आली होती. शिकवायला आनंदरावांना बोलावलं.

"मग शिकवलं तुम्ही?"

"अर्धं. पुस्तकात होतं तेवढं. कोणत्या मागाचा धागा कवा तुटतो, आवाजावरून कसं ओळखायचं, ते हातातलं न्हाई सांगितलं. लई राग होता मला."

"मग?"

"मग काय. माग गेले ते गेलेच. हातातलं माझ्याजवळच राहिलं, आणि पुन्हा कुणाच्या कामाला आलं न्हाई. ती चार माणसं बी पोटापाण्यासाठीच आली होती. त्यातल्या एकाचंबी नाव मी विचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिकवणी संपली, बाकीच्या मुली पडद्यासमोरून उठून गेल्या. विशाखा बसून राहिली. तिच्या कानाशी रक्त ठकठकत होतं, माझ्या गादीला ते जाणवत होतं.

"पॉलिन, तुमची नोकरी जाणार आहे हे मला काल कळलं," ती म्हणाली.

 पॉलिनबाई म्हणाल्या, "काल? मला वाटलं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माहीत असून रोज हसत 'गुड मॉर्निंग' म्हणता, असं समजून मी जळत होते."

विशाखानं वडिलांची गिरणीची गोष्ट सांगितली. इंग्रजी दोनदा अडखळलं, पण तिनं ती पूर्ण केली. शेवटी म्हणाली, "पुस्तकातलं मला येतं. हातातलं शिकवा. नाही शिकवलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

"विचार करते," पॉलिनबाई म्हणाल्या. आणि या वेळी त्यांचा माइक तोंडाजवळ होता.

दुसऱ्या दिवशी त्या एक निळी वही घेऊनच पडद्यावर आल्या. बावीस वर्षांत जे जे कळलं ते त्यात लिहिलेलं. टेकडीवरच्या कोणत्या गल्लीत सकाळी पाणी चढत नाही. कोणता म्हातारा तक्रार नसताना फोन करतो, आणि त्याला दोन मिनिटं का द्यायची. "हरकत नाही, मी थांबेन" असं कुणी म्हाताऱ्या आवाजात म्हटलं तर समजायचं की घरात दोन दिवसांपासून पाणी नाही. विशाखा ते सगळं मराठीत उतरवून घ्यायची. पॉलिनबाई कधी कधी विचारायच्या, "तुझ्या लिपीत माझं नाव कसं दिसतं?" ती कागद कॅमेऱ्यासमोर धरायची.

पाचव्या आठवड्यात तिकडे एक मोठा पाइप फुटला. त्यात एका गृहस्थाचा फोन विशाखाला लागला. त्याच्या बायकोचं डायलिसिस घरीच, मशीनवर चालायचं. मशीनला पाणी लागतं आणि नळ कोरडा. पुस्तकात लिहिलं होतं की चोवीस तासांत टँकर पाठवू असं सांगावं. विशाखानं ते सांगितलं नाही. तिनं दुसऱ्या लाइनवर पॉलिनबाईंना गाठलं.

"पत्ता मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ऑफिसातले पाण्याचे कॅन घेऊन मी निघते. तू त्याला फोनवर धरून ठेव. एकटा पडला की घाबरतो."

विशाखानं त्याला बेचाळीस मिनिटं धरून ठेवलं. तो बायकोबद्दल बोलला, बागेतल्या वाटाण्याबद्दल बोलला. मग दाराची घंटा मला ऐकू आली आणि पाठोपाठ पॉलिनबाईंचा आवाज. तो माणूस फोन ठेवायचं विसरूनच गेला.

सहाव्या आठवड्यात तिकडचे मोठे साहेब नांदेडला यायचे होते. आदल्या दिवशी विशाखा ईश्वरप्पांना म्हणाली, "सर, मला साहेबांना एक सांगायचंय. अशा आजारी, म्हाताऱ्या लोकांसाठी तिकडं कुणीतरी पाहिजे. फोनवरून कॅन उचलता येत न्हाई."

ईश्वरप्पांनी चष्मा काढला. "बोल. अडवत न्हाई मी. पण तिकडं दोन खुर्च्या राहिल्या तर इकडल्या दोन जातील. गुणांच्या यादीत शेवटची दोन नावं कुणाची हायत, माहीत हाय ना?"

माहीत होतं. त्यातलं एक ऋतुजाचं होतं.

त्या संध्याकाळी दोघी खालच्या टपरीवर चहा प्यायल्या. विशाखानं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलली. मी तिच्या गळ्यात होतो. सांगून टाक, असं मला फार वाटत होतं. पण मला कोण विचारतो.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि तो बेचाळीस मिनिटांचा, रेकॉर्ड झालेला फोन तिनं त्यांना ऐकवला. साहेबांनी लिहून घेतलं. महिन्याभरानं निर्णय आला. तिकडं पॉलिनबाई आणि आणखी एक जण राहणार, घरोघरी मदतीला जाणार. बाकी दहाजणींची नोकरी गेली. नांदेडात अडतीस खुर्च्या राहिल्या.

ऋतुजा आपलं सामान पिशवीत भरत होती. विशाखानं तिला सगळं सांगितलं. ऋतुजा रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुला साता समुद्रापलीकडची बाई दिसली. शेजारची मी दिसले न्हाई."

विशाखा तिची पिशवी घेऊन खालपर्यंत गेली. 

त्यानंतर दीड वर्ष मी विशाखाच्या कानावर होतो. कामात तिचा हात बसला. ती बारा जणींची प्रमुख झाली. पॉलिनबाईंशी रोज बोलणं व्हायचं. आधी कामाचं, मग इकडच्या उन्हाचं, तिकडच्या पावसाचं. मधेच बातमी यायची की हेच काम आणखी स्वस्त देशात जाणार, नाहीतर मशीनच फोन घेणार. मुली घाबरायच्या. विशाखा म्हणायची, "आज तर फोन वाजून राहिला ना? उचला."

गेल्या उन्हाळ्यात ऋतुजा नांदेडला आली. कसल्याशा सरकारी नोकरीची परीक्षा होती आणि केंद्र विशाखाच्या घराजवळच होतं. आधी फोन नाही, काही नाही, सरळ दारात उभी. महामायानं तिला हात धरून आत घेतलं. लातूरला ती एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात काम करत होती, बरं चाललं होतं. दोघी ओट्यावर बसल्या.

"तू सांगितलं असतंस तर मी तुला बोलू दिलं नसतं," ऋतुजा म्हणाली.

"हाव. म्हणूनच सांगितलं न्हाई. ते चुकलं माझं."

"आणि बोललीस ते?"

"ते न्हाई चुकलं."

"मला तेबी चुकलंच वाटतं."

"वाटू दे."

मग ऋतुजानं पिशवीतून लातूरहून आणलेली पेढ्यांची पुडी काढून तिच्या पुढ्यात सरकवली. रात्री दोघी एकाच गादीवर परीक्षेचे प्रश्न एकमेकींना विचारत झोपल्या. दोघींत कोण बरोबर, हे मला काही ठरवता आलेलं नाही. तुम्हाला आलं तर तुम्ही ठरवा.

पुढे ऑफिसात बिनवायरीचे हेडफोन आले. जुने टाकून द्यायचे होते. विशाखानं मला घरी आणलं आणि आनंदरावांच्या मोबाइलला जोडलं. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांना आता कमी ऐकू येतं. माझी गादी फाटली आहे, महामायानं तिला जुन्या साडीचं फडकं शिवलंय. मी मजेत आहे.

एकच मागणं आहे. तुमच्या फोनवर कधी लांबचा, अनोळखी आवाज आला, तर तक्रार जरूर करा. पण तो आवाज कुणाच्या तरी गळ्यातून निघालेला असतो, एवढं ध्यानात असू द्या.

कालचीच गोष्ट. गॅसची टाकी आली नाही म्हणून आनंदरावांनी फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, मराठी तोडकंमोडकं, कुठल्या मुलखातली कोण जाणे. तिनं कागदावरचं वाचून दाखवलं, टाकी परवा येईल म्हणून सांगितलं, आणि ठरलेलं शेवटचं वाक्य म्हटलं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

"न्हाई माय," आनंदराव म्हणाले. "नाव काय तुझं?"

"कमलम्मा."

"जेवलीस का, कमलम्मा?"

 माइक तोंडाजवळ ओढून, माझ्या गादीला कळेल इतक्या जवळून ती म्हणाली, "अजून नाही, काका. आता जेवते."