शपथेबाहेरचा घोट

मानवतला कापूस घालायला गेलेला वैजीनाथ एकदा चपला हरवून, गाडीत उलटा निजून परत आला. बैलांनीच आणला म्हणायचं. त्याच आठवड्यात लेकीचं जावळ होतं. त्याच्या आईनं, धुरपताबाईंनी, लेकाचा हात नातीच्या गुळगुळीत डोक्यावर ठेवला आणि सगळ्या सोयऱ्यांदेखत वदवून घेतलं, दारूच्या थेंबाला शिवणार न्हाई. अशी शपथ मोडली तर बापाला नव्हे, लेकराला भोवते. वैजीनाथ सुधारला. तरी त्याची बायको रुख्मिणी ताप तर नाही ना म्हणून दिवसातून दहादा लेकीच्या कपाळाला हात लावून बघायची.

मग त्याला परभणीच्या एका बियाणे केंद्रावर जीपची डायवरकी लागली. साहेब जर्मनीचा, ज्वारीवर अभ्यास करायला आलेला. फावल्या वेळात भाजक्या ज्वारीत मायदेशाहून आणलेली कसलीशी कडू वाळकी फुलं घालून घरीच बियर मुरवायचा. पहिली बाटली त्यानं डायवरच्या हाती दिली.

"कल बोलना, कैसी लगी. सच बोलना."

"गोड लागली म्हनून सांगतो," वैजीनाथ घरी येऊन म्हणाला.

"आन् कडू निघाली तर? साहेब काय येडा हाय?" रुख्मिणीनं बाटली ओढून घेतली. "माजा हात कुनी कुनाच्या डोक्यावर ठिवला न्हाई."

सासू रानात होती. लेक झोळीत निजलेली. रुख्मिणीनं फुलपात्रात ओतलं. काकवीसारखं काळं, वर धारेच्या दुधासारखा फेस. तिनं घोट घेतला. डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, पण गिळला.

"काय?"

"थांबा की. अजून उतरायलंय." तिनं दुसरा घोट घेतला. "ध्यानात ठिवा. करपलेली भाकर, निंबाच्या पाल्यासंगं. मागून जरा गूळ. आन् संत्र्याची साल."

साहेबानं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. दर शनिवारी बाटली येऊ लागली. चौथ्या शनिवारी मात्र त्यानं पेलाच समोर धरला.

"मेरे सामने."

वैजीनाथनं पेल्याकडं बघितलं आणि हात मागं बांधले. "साहेब, जबान मेरी नहीं. घरवाली की है."

दुसऱ्या दिवशी जीप ताडकळसला, वैजीनाथच्या दारात. ओट्यावर साहेब, त्याच्यासमोर धुरपताबाई, मांडीवर नात, मधे बाटली. रुख्मिणीनं पदर सारखा केला आणि प्याली.

"मागल्या खेपेपरीस कडूपना कमी हाय."

धुरपताबाईंनी 'मागल्या खेपेपरीस' ऐकलं. त्यांनी सुनेकडं बघितलं. मग लेकाकडं वळल्या.

"तू पिलास?"

"न्हाई, आई."

"थेंबभर?"

"वासबी घेतला न्हाई."

म्हातारीनं नातीचं कपाळ चाचपलं, मान चाचपली, तळहात चाचपले. पोर गार होती, आणि साहेबाच्या बुटाची नाडी सोडवू बघत होती.

"मंग बरं हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "रुख्मिणी, सगळी संपव. ह्याच्यापुरती घरात उरू देऊ नगं."