माझ्यात राहून गेलेले पंधरा

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी आहे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लावतात तशी. तिच्यावर एकच शब्द लिहिला आहे, 'धुतले?' मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि ही चिठ्ठी माझ्या पाठीवर कशी आली ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. एका लांबलचक टेबलावर मला जोडलं, दोन-चार गणितं विचारली आणि खोक्यात घातलं. मी तुमच्या दप्तरातल्यासारखा साधा नव्हे. व्याज, हप्ते आणि वर्षं यांचीच गणितं करण्यासाठी मला घडवलं होतं. खोकं उघडलं ते बाईंनी.

बाई सतरा वर्षं रंगाच्या कारखान्यात रंग तपासायच्या. ते काम यंत्राकडे गेलं आणि बाई घरी बसल्या. निघताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी फायनान्शियल प्लॅनरच्या अभ्यासक्रमाची फी भरली आणि मला विकत घेतलं. लोकांना पैशांचं नियोजन करून देणारी प्रमाणित सल्लागार व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बेचाळिसाव्या वर्षी परीक्षा?" त्यांची ताई हसली. "आधी चष्म्याचा नंबर बघ, मग परीक्षेचा!"

पहिल्या खेपेला बाई नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला पास झाल्या, तेव्हा त्यांनी मला रुमालाने हळूच पुसलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

माझी एक खोड तुम्हाला सांगायला हवी. मला बंद केलं तरी मी आकडे विसरत नाही. नवं गणित घालण्याआधी एक बटण दाबून मला रिकामं करावं लागतं. नाहीतर जो आकडा तुम्ही घालत नाही, त्याच्या जागी मी जुना धरतो. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याआधी त्या भांडं तीनदा विसळायच्या. मलाही त्या दर वेळी रिकामं करायच्या.

एका सकाळी ताईने घराच्या कर्जाचा हप्ता काढून मागितला. मुदत पंधरा वर्षं. तो कागद घेऊन ताई दारातून बाहेर पडते न पडते तोच मामा आत आले. हे कारखान्यातले बॉयलरवाले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. वय पंचावन्न, गुडघे सुजलेले.

"पोरी, बॉयलरचा जिना आता मला रोज शिव्या घालतो," ते म्हणाले. "पाच वर्षं आधी काम सोडलं तर भागेल का, तेवढं सांग. तू रंगाची अख्खी टाकी एका थेंबावरून परत पाठवायचीस. तू हो म्हणालीस की विषय संपला."

बाई खुलल्या. जुन्या गप्पा निघाल्या. गप्पांच्या नादातच त्यांनी मला रिकामं न करता मामांची शिल्लक घातली, व्याजदर घातला. वर्षं मात्र घालायची राहिली. मामांना ऐंशी वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं पैसे पुरायला हवे होते. माझ्यात ताईचे पंधरा होते. मी पंधरा धरले, आणि महिन्याला किती काढता येतील ते सांगितलं. माझं गणित बरोबर होतं, मित्रांनो. मला तोंड नव्हतं.

"भागेल, मामा. अगदी आरामात," बाई म्हणाल्या.

मामांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

तीन महिन्यांनी मामांच्याच वयाचं, तेवढीच शिल्लक असलेलं दुसरं गिऱ्हाईक आलं आणि आकडा बराच कमी निघाला. बाईंनी मामांचा कागद काढला. मला रिकामं करून गणित पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. पंचवीस वर्षं पुरवायचे तर महिन्याला पाचवा हिस्सा कमी घ्यावा लागणार होता, आणि त्यात मामांचं घरभाडं बसत नव्हतं. तसंच घेत राहिले, तर सत्तराव्या वर्षी खातं रिकामं.

"सांगू नकोस," ताई म्हणाली. "पंधरा वर्षांनंतरचं कोणी बघितलंय? आत्ता कुठे तुझा जम बसतोय. ही बातमी फुटली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही."

बाईंनी मला पिशवीत टाकलं आणि त्या मामांच्या घरी गेल्या. सगळं सांगितलं.

मामा गुडघ्यावर हात फिरवू लागले. "माझ्या जागी माणूस घेतला त्यांनी," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "पोरी, तू तर भांडं तीनदा विसळायचीस ना?"

बाईंनी घरी येऊन ती चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवली.

मामांना एका गोदामाच्या फाटकावर काम मिळालं. दिवसभर उभं राहायचं काम, पगार निम्मा. बाईंची गिऱ्हाइकं खरंच कमी झाली. मामांचा नवा आराखडा त्या दरवर्षी फुकट करून देतात, पण त्याने गुडघे बरे होत नाहीत.

आता माझी बटणं झिजली आहेत, काचेवर ओरखडे आहेत. तरी बाईंनी दुसरा कॅल्क्युलेटर घेतला नाही. परवा मामा काठी टेकत आले. खुर्ची पुढे केली, तरी बसेनात.

"आधी ते रिकामं कर," ते म्हणाले. "आणि मला दाखव."

बाईंनी बटण दाबलं आणि मला त्यांच्यासमोर धरलं. माझ्या काचेवर शून्य होतं. मामांनी ते नीट वाचलं आणि मगच ते बसले.

मित्रांनो, माझ्यासारखं काही तुमच्या हाती आलं, तर एवढंच करा. दुसऱ्याचं आयुष्य त्यात घालण्याआधी आधीच्याचं पुसून घ्या. आम्हाला आपणहून विसरता येत नाही.