उभी बाटली, आडवी बाटली

चिठ्ठीत माझ्या वाट्याला उभी बाटली आली आणि तिथूनच सगळं बिनसलं.

आमच्या कॉलेजातल्या देवानंद सरांनी तालुक्यातल्या मुलांसाठी ऑनलाइन वादविवाद सुरू केले होते. पोरांना गावच्या प्रश्नांवर बोलता आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. यंदाचा विषय आमच्याच गावचा. देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायकांचं मतदान होणार होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं ते सर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. न पटणारी बाजूही मांडता यावी म्हणे.

तर उभी निघाली शकुंतलाबाईच्या आचलला, म्हणजे मला. आई तेव्हा दारोदार फिरून आडव्या बाटलीसाठी बायका जमवत होती. बाबा दारूपायीच गेले होते. सर म्हणाले, हा नुसता सराव आहे. कॉलेजातल्या लोकांना सगळा सरावच वाटतो.

गावात रेंज नाही, म्हणून दरेकशाच्या स्टेशनवर बाकावर बसून बोलले. कानात इयरफोन. समोरच्यांचे मुद्दे मला एकटीला ऐकू येत होते. गाडीची वाट बघणाऱ्या आमच्या गावच्या लोकांना ऐकू गेलं ते फक्त माझं. बंदीने व्यसन सुटत नाही, उलट चोरटी दारू येते, असं मी तावातावाने मांडलं. पहिला नंबर आला. अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळपर्यंत दुकानवाला गुलाबचंद गावभर सांगत सुटला, शकुंतलाबाईची पोरगीच म्हणते, दुकान पाहिजे.

आई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट वाढलं आणि माझ्याकडे पाठ फिरवून बसली. मी चिठ्ठीचं सांगितलं, सरांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“येवढं चांगलं बोलता येते तुले,” ती म्हणाली. “मग माह्यासाठी काऊन नाही बोलली?”

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच आडव्या बाटलीसाठी घरोघर निघाले. पहिलं घर शेजारच्या रुक्माबाईचं. तांदूळ पाखडता पाखडता तिने माझं सगळं ऐकलं, चिठ्ठीचं आणि बाबांचंसुद्धा. हसली नाही, रागावलीही नाही.

“आज तुही चिठ्ठी कोणती निघाली, पोरी?”

पुढच्या घरी मी गेलेच नाही.

मतदानाला शाळेच्या खोलीत मी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, चांगला दाबून. माझं आयुष्यातलं पहिलं मत. बाहेर बायकांची रांग लागली होती आणि आई एकेकीशी बोलत होती. मी जवळून गेले तेव्हा त्या सगळ्या गप्प झाल्या. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला सांगायचं होतं, आई, आडवी. पण रांगेत कुणाला ते खरं वाटलं नसतं. आईलासुद्धा.