वैद्यनाथरावांवर खरं बोलायची पाळी

तंजावूरच्या मेल वीथीत वैद्यनाथरावांचं बोलणं ऐकायला सगळ्यांना आवडायचं, आणि त्यावर विश्वास मात्र कुणीच ठेवायचं नाही. मोठ्या देवळातल्या हत्तिणीनं आपल्याला गर्दीतून ओळखलं, सोंडेनं पुढे काढलं आणि पेन्शन वेळेवर मिळते का विचारलं, असं ते कॉफीच्या दुकानात सांगत. कुणी विचारलं, "कुठल्या भाषेत?" तर बेधडक उत्तर यायचं, "तमिळमध्येच की! मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायला लाजते. आपल्या घरातल्या पोरांसारखी."

असा हा माणूस त्या शनिवारी सकाळी धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात छातीवर हात ठेवून उभा होता आणि अगदी कळवळून सांगत होता, "वत्सला, देवाशपथ खरं बोलतों!"

"तेंच तर," वत्सला म्हणाली. "तुम्ही शपथ घेतली की मला जास्त भीती वाटते, अण्णा."

झालं होतं असं. वत्सलाची नात दिव्यश्री कॉलेजच्या सुट्टीत घरी आली आणि आजी डांगर पच्चडी करत असताना तिनं समोर फोन धरला. वत्सलाला वाटलं, पोरगी कुणाशी तरी बोलतेय. ती आपली बोलत राहिली, "उडदाचं पीठ भाजा, ताकात कालवा, वर मोहरी-मिरचीची फोडणी द्या. आणि नवऱ्याला विचारूं नका कसें झालें म्हणून. तो जेवतोय ना? बस्स!" दिव्यश्रीनं त्याचा व्हिडिओ केला आणि तसाच आपल्या चॅनलवर टाकला.

दुसऱ्या दिवशी फोन असा थरथरायला लागला की खिडकीतून उडी मारून तो आट्टुकल्लात, म्हणजे इडलीचं पीठ वाटायच्या दगडी रगड्यात, जाऊन पडला आणि तिथेही गरगर फिरत राहिला. पुणे, नागपूर, कोल्हापूर! सगळा महाराष्ट्र वत्सलाच्या पच्चडीवर तुटून पडला होता, आणि जो तो काहीबाही लिहीत होता.

लिहीत होता देवनागरीत. तिथेच घोडं अडलं. वत्सलानं जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, मराठी आईच्या दुधाबरोबर आली, पण ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती. दिव्यश्रीला तर त्याहून नाही. फोनमध्ये भाषांतराचं बटण होतं. ते दाबलं तर "तुमच्या हाताला चव आहे" याचं तमिळ आलं, "तुमचा हात चविष्ट आहे." वत्सलानं चटकन हात पदराखाली घेतला आणि पुन्हा त्या बटणाच्या वाटेला गेली नाही.

राहता राहिले वैद्यनाथराव. बँकेच्या नोकरीत सोलापूरला बरीच वर्षं काढल्यामुळे ते देवनागरी घडाघडा वाचत. त्यांनी चष्मा चढवला, सवयीप्रमाणे त्यात पदरचं तिखटमीठ घालायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पंचाईत झाली. तिखटमीठ घालायला जागाच नव्हती!

"'मावशी, तुमचं बोलणं ऐकलं आणि माझी पणजी उठून बसली असं वाटलं.' हे बघ, ही म्हणते, 'तुम्ही रोज बोला, स्वयंपाक नाही केलात तरी चालेल.' आणि हा मुलगा म्हणतो, ऑफिसात ऐकलं आणि रडलों!"

वत्सला ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. इतकं गोड कुणी लिहितं का? अण्णा गोड वाचतायत म्हणजे मुळात नक्की कडू असणार. जितकं गोड, तितकं कडू!

मग तिनं स्वतःचा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायला सुरुवात केली. डोळे अर्धवट मिटलेले दिसतील तिथे नेमकी थांबवायची आणि म्हणायची, "भोपळा. भोपळ्याला कुंकू लावलंय." मग दुसऱ्या बायकांचे व्हिडिओ. संगमरवरी ओटे, काचेची भांडी, शेगडीजवळ उभ्या राहून मोकळे केस उडवणाऱ्या! "यांच्या घरी फोडणीचा धूरसुद्धा होत नाही," वत्सला पुटपुटायची. बसस्टॉपवर दोन कॉलेजच्या मुली तिच्याकडे बघून हसल्या, तेव्हापासून तिनं भाजी आणायलाही बाहेर पडणं सोडलं.

आणि आज दहा वाजता पुण्याच्या एका महिला मंडळानं तिला लाइव्ह पुरणपोळी करून दाखवायला बोलावलं होतं. पुरण वाटून तयार होतं. कणीक मुरली होती. पावणेदहाला वत्सलानं केळीचं पान बाजूला सारलं.

"दिव्या, सांगून टाक अज्जीला ताप आलाय म्हणून. आणि तें चॅनल पुसून टाक. सगळं."

"अज्जी, प्लीज! सगळ्या वाट बघतायत."

"हसायलाच ना?"

"अगं, शिवकुमारला बोलावतों," वैद्यनाथराव काकुळतीला आले. "समोरच राहतो. त्याला येतं वाचायला. त्याच्या तोंडून ऐक."

"त्याला तुम्ही आधीच पढवलेलं असणार."

वैद्यनाथराव मटकन स्टुलावर बसले. हत्तीण लोकांनी निदान ऐकून तरी घेतली होती. हे शंभर नंबरी खरं, हातात धरलेलं, अक्षरात लिहिलेलं, आणि ते सख्ख्या बहिणीच्या गळी उतरेना! खरं बोलणारी माणसं दिवस तरी कसे काढतात, हे त्यांना कळेना. घड्याळाचा काटा दहाकडे सरकत होता. मंडळाच्या बायका फोनच्या पलीकडे गोळा होत होत्या. वैद्यनाथरावांनी फोनवर बोट फिरवलं, एक निःश्वास सोडला, आणि त्यांच्या अंगात जुना वैद्यनाथराव जागा झाला.

"एक वाचायचं राहिलंय. पण तें मी वाचणार नव्हतों."

वत्सला गर्रकन वळली. "वाचा."

"नको, जाऊ दे."

"अण्णा, वाचा म्हणतें ना!"

"साताऱ्याच्या कुणी कमलताई आहेत. लिहितात, 'या तंजावूरच्या बायका पोळी केळीच्या पानावर थापतात, कारण यांना लाटणं धरता येत नाही. पोळी तर अशी जाड, की उशाला घ्यावी.'"

वत्सलानं शपथ मागितली नाही. पुरावा मागितला नाही. फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उशाला?" ती म्हणाली. मग पुन्हा, "उशाला! दिव्या, फोन लाव. आत्ता!"

"अज्जी, साडी बदलतेस का? केस तरी..."

"पोळी मी केसांनी करतें का? लाव!"

आणि काय ती सुरू झाली! "कमलताई, बघतां ना? बघा!" असं म्हणत तिनं आधी लाटणंच उचललं. पोळी अशी लाटली, अशी लाटली, की ती हातावर धरल्यावर पलीकडची सगळी गल्ली आरपार दिसायला लागली. समोरच्या गच्चीवर शिवकुमार नुसत्या बनियनवर आपली वेष्टी, म्हणजे धोतर, वाळत घालत होता. आपण पुण्यात दिसतोय हे लक्षात येताच तो धूम आत पळाला. मग लाटणं तिनं फेकून दिलं. केळीच्या पानाला तूप लावलं, वर गोळा ठेवला आणि तीन बोटांनी असा फिरवला की पोळी पानाच्या कडेपर्यंत गेली तरी थांबेना. तव्यावर ती इतकी फुगली, की खिडकीबाहेर उडून जाऊ नये म्हणून दिव्यश्रीनं उलथन्यानं दाबून धरली.

"घ्या आता उशाला!" वत्सला गरजली. "डोकं जमिनीला नाही टेकलं तर मला सांगा!"

घाम आला होता, बटा कपाळाला चिकटल्या होत्या, घरभर धूर झाला होता. भोपळा कुठे गेला कुणास ठाऊक. "कमलताई, तुम्ही तंजावूरला या. दारात पायांवर पाणी घालीन, पाटावर बसवीन, पोटभर वाढीन. मग बोला काय बोलायचं तें!"

पलीकडे बायका नुसत्या वेड्या झाल्या होत्या. घाईघाईत काहीजणी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागल्या, आणि ती तर दिव्यश्रीलाही वाचता येत होती.

"अज्जी! ही कराडची म्हणते, 'मावशी, मीच ती कमल. चुकलं माझं. कधी येऊ?'"

वैद्यनाथराव स्टुलावरून ताडकन उठले. त्यांची थाप आजवर अशी जिवंत होऊन कधी दारात उभी राहिली नव्हती.

"अज्जी, ही दुसरी! म्हणते, 'तिचं ऐकूं नका, खरी कमल मी. मी तिकीट बघतेय.' आणि हा कोण? 'आमच्या घरात दोन कमल आहेत, दोघींना पाठवतो.' आणि हा विचारतो, 'मी कमलचा नवरा, चालेन का?'"

वत्सलाचं उलथनं हवेत थांबलं. तिनं हळूच भावाकडे मान वळवली.

"अण्णा, एवढ्या कमला आल्या कुठून?"

"सातारा मोठा जिल्हा आहे," वैद्यनाथराव छताकडे बघत म्हणाले.

"अण्णा. ती उशी कुणाची?"

अख्खं महिला मंडळ श्वास रोखून ऐकत होतं.

"माझी," वैद्यनाथराव म्हणाले.

"आणि बाकीचं? पणजी उठून बसली तें? ऑफिसात रडला तो?"

"अक्षर न अक्षर खरं. मलाच लाज वाटतेय, पण काय करूं? खरं आहे!"

वत्सलाच्या डोक्यात आता प्रकाश पडला. एवढ्या ढिगातलं एकच वाक्य तिनं डोळे मिटून गिळलं होतं, आणि नेमकं तेवढंच खोटं निघालं होतं! मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की ताटातलं पीठ उडून अण्णांच्या मिशा पांढऱ्याच्या आणखी पांढऱ्या झाल्या. पलीकडे पुणंही हसत सुटलं.

तिनं शेगडी बंद केली, हात पुसले आणि फोनसमोर पाट ओढून बसली. लाइव्ह चालू आहे याची तिला आता काडीची फिकीर नव्हती.

"वाचा. पहिल्यापासून सगळं वाचा."

वैद्यनाथरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. पणजी वाचली. ऑफिसातला मुलगा वाचला. तिसऱ्यापाशी मात्र त्यांना राहवेना.

"'मावशी, तुमच्यासारखं बोलायला मला शिकायचंय.' आणि या बाई म्हणे स्वतः कलेक्टर आहेत."

"असतील," वत्सला पदरानं कपाळ टिपत म्हणाली. "पुढचं वाचा."