मष्णूचा माईक आणि नखाएवढं कार्ड

निपाणीच्या चारी अंगाला कुठंही बैलगाडीची शर्यत असो, माईक मष्णूच्याच हातात. गाडी सुटायच्या आधी बैलाचं नाव, त्याचा बाप, आज्जा, कुठल्या मैदानात कितवा आला, सगळं तो एका दमात सांगायचा. एकदा म्हणे त्यानं एका खोंडाच्या सात पिढ्या मोजल्या आणि आपला आज्जा कोण हे खोंडाला तिथंच पहिल्यांदा कळलं. खोंड इतका भारावला की पळायचं सोडून ऐकतच उभा राहिला. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं जाऊन त्या खोंडाला विचारावं.

पण वय झालं तसा मष्णूच्या डोक्यातला गोठा मोकळा व्हायला लागला. बैल दिसायचा, नाव यायचं नाही. नाव यायचं, ते दुसऱ्याच बैलाचं. गेल्या हंगामात तर भर मैदानात त्यानं गुलब्याचा बाप म्हणून नेमकं त्याच्या मालकाच्या भावकीतल्या वैऱ्याच्या बैलाचं नाव घेतलं. आणि गुलब्या कुणाचा, तर शर्यत कमिटीचा अध्यक्ष परशरामआप्पाचा. आप्पा वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, की पुढच्या खेपेला एक जरी चूक झाली तर माईक चिकोडीच्या महादेवला जाईल. महादेव तरुण, आवाज खणखणीत, वर यमक जुळवून बोलणारा. माईक गेल्यावर मष्णूकडं उरणार काय, तर थोडी तंबाखू आणि बायको अंबुबाई. दोघीही त्याचं ऐकत नव्हत्या.

अंबुबाईच्या बहिणीचा मुलगा नागेंद्र पिरनवाडीला राहायचा, बेळगावात एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामाला होता. त्यानं आपलं जुनं, हातात मावणारं कॉम्प्युटरसारखं यंत्र काकांना देऊन टाकलं. तळहाताएवढं, चिमणीला दात असते तर जेवढे असते तेवढी बटणं, आणि आत लिनक्स नावाची प्रणाली. मोबाईलसारखं हे आपणहून काही करत नाही, पण घातलेलं विसरत नाही, असं नागेंद्र म्हणाला. आणि बजावलं, की निवडत बसू नका, आठवतंय ते सगळं घाला.

मष्णूनं पावसाळाभर त्यात बैल भरले. गोठ्यागोठ्यात जाऊन मोबाईलवर फोटो काढले, बाप-आज्जे विचारले, जिंकलेलं, हरलेलं, सगळं आत घातलं. दसऱ्याच्या सुमाराला यंत्र म्हणालं, जागा संपली.

निपाणीहून बेळगाव आणि तिथनं पिरनवाडी. मष्णू बसमध्ये उभ्यानं गेला. नागेंद्रनं नखाएवढं कार्ड यंत्राच्या बुडात सरकवलं, फोटो त्याच्यावर हलवले आणि म्हणाला, आता जिल्ह्यातले बैल त्यांच्या वैरणीसकट मावतील. तिथं सगळं दिसलं. घरी आणून दोन दिवसांनी उघडलं, तर यंत्र म्हणतंय, कसलं कार्ड?

परत बस. नागेंद्रनं कार्ड काढलं, न बघताच शर्टाला पुसल्यासारखं केलं, परत घातलं. चाललं. मष्णूला वाटलं, हे यंत्र भाच्याला बघितलं की शहाण्यासारखं वागतंय आणि आपल्याला बघितलं की सोंग घेतंय. नागेंद्र नम्रपणे म्हणाला, की काका, तंबाखू मळलेल्या हातानं धरता काय? मष्णू भडकला. पण घरी आल्यावर साबणानं हात धुऊन यंत्र धरायला लागला. साबणाची वडी झिजून कार्डाएवढी झाली, तरी कार्ड काही दिसेना.

तिसऱ्या खेपेला नागेंद्रनं जुनं न बघताच कार्डच नवं दिलं. घरी आल्यावर आठवडा धड गेला नाही, तेही अधनंमधनं मरायला लागलं. मष्णूनं यंत्र उशीवर आपटलं. जमिनीवर आपटायची इच्छा होती, पण शर्यत जवळ आली होती.

त्यात दुसरंच दुखणं निघालं. ज्या दिवशी कार्ड दिसायचं, त्या दिवशी फोटोंसकट यादी उघडली की यंत्र अर्ध्यात दम टाकायचं. एवढी जागा वाढवली तरी ह्याला लक्षात का राहत नाही, असं मष्णूनं फोनवर ओरडून विचारलं. नागेंद्रनं बैलाच्या भाषेत सांगितलं म्हणून त्याला कळलं. कार्ड म्हणजे परड्यातली वैरणीची गंजी. पण बैल खातो गव्हाणीतलं, आणि या यंत्राची गव्हाण एवढीशी आहे. गंजी कितीही मोठी रचली तरी गव्हाण वाढत नाही. आता गंजीचाच एक कोपरा गव्हाण म्हणून द्यायचा. त्याला स्वॅप म्हणतात. जरा हळू चालेल, पण पडणार नाही.

पुन्हा पिरनवाडी. आता कंडक्टर मष्णूला काका म्हणायला लागला होता. कोपरा दिला गेला, यादी उघडली, एकेक बैल डुलत डुलत पडद्यावर आला. मष्णूच्या डोळ्यात पाणी आलं. घरी आल्यावर शुक्रवार उलटला आणि गुलब्याच्या नावावरच यंत्र दगड झालं. आधी निदान कार्ड नाही म्हणून सांगायचं. आता सांगायचंही बंद. अर्धी गव्हाणच जाग्यावर नसल्यावर सांगणार कुठनं?

शर्यतीच्या आदल्या दिवशी नागेंद्र स्वतःच निपाणीला आला. त्यानं कार्ड बाहेर काढलं आणि उजेडाकडं धरलं. कार्डाची सोनेरी बाजू पिवळीधमक होती. मधोमध लाल टिकली.

"मावशी, हे काय?"

"हळदकुंकू की रं," अंबुबाई म्हणाली. "दर शुक्रवारी यंत्र बंद असतंय तवा काढून लावतो. ट्रॅक्टरला लावलं, मिक्सरला लावलं, ह्याला नको व्हय?"

"आणि नव्या कार्डाला?"

"पैल्याला कमी पडलं असंल म्हणून मेलं. नव्याला जरा जास्त लावलं."

मष्णू उंबऱ्यावरच बसला. इतक्या बस, इतका साबण, आणि घरातच देवी दर शुक्रवारी नवस फेडून घेत होती. नागेंद्रनं समजावलं, की त्या सोनेरी रेघांतनंच यंत्र कार्डाशी बोलतं, त्याच्यावर हळद बसली की बोलणं तुटतं. अंबुबाईला पटलं नाही. तोंडाला नाही लावायचं तर देवीची कृपा आत शिरायची कुठनं, असं तिचं म्हणणं. शेवटी यंत्राच्या पाठीवर टिकली लावायची यावर मिटलं. नागेंद्रनं खोडरबरानं रेघा घासल्या, कार्ड बसवलं, वरनं चिकटपट्टी मारली. यंत्र सुरू झालं ते थांबेचना.

शर्यतीला मैदान माणसांनी काळं झालं होतं. मष्णू मांडवातल्या स्टेजवर चढला, एका हातात माईक, एका हातात यंत्र. पहिल्या जोड्या सुटल्या. बटण दाबलं की बैल पडद्यावर, बापासकट, आज्जासकट. एक अडखळ नाही. खाली उभा असलेला महादेव तोंड बारीक करून बघत होता. कित्येक वर्षांत मष्णूला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग गुलब्या आला, झूल घालून, शिंगं रंगवून. सांगलीकडचे पाहुणे त्याला बघायला मुद्दाम आले होते. सौदा ठरत आला होता, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. मष्णूनं बटण दाबलं. गुलब्या बापासकट आला. बाप बरोबर, आई बरोबर. परशरामआप्पानं मान डोलावली. मष्णूची नजर पडद्यावर आणि जीभ नजरेच्या मागं, थांबायची सवय तिला होतीच कुठं? पाठोपाठ जे जे दिसलं ते ते लाऊडस्पीकरमधनं बाहेर पडलं. मागल्या साली तिसरा. त्याच्या आधी खेळातनं बाद, कारण झेंडा पडताच तो वळून मागं आला. त्याच्याही आधी, निम्म्या वाटेत मक्यात शिरला आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या गोठ्यात गावला.

मैदान हसलं. आधी मष्णूला वाटलं, आपल्यावर खूश आहेत. मग त्यानं सांगलीच्या पाहुण्यांकडं बघितलं. ते उठून चपला शोधत होते.

परशरामआप्पा सावकाश स्टेजवर आला. आवाज चढवला नाही.

"मष्णू, गेल्या साली चूक तुझी हुती, म्हणून तुला सोडलं. औंदा तुझी काय बी चूक न्हाय. सगळी माझ्या बैलाची निघाली."

"आप्पा, हाय ते खरंच हाय की."

"खरं मला ठावं न्हाय व्हय? मक्यातनं त्याला मीच हुडकून आणलंय. तुला माईक खरं सांगाय दिलता?"

माईक महादेवच्या हातात गेला. महादेवनं घसा साफ केला आणि गुलब्याचं मक्यातलं शिरणं म्हणजे वाऱ्याला हुलकावणी होती, असं यमकात सांगितलं. टाळ्या पडल्या. पाहुण्यांतला एक चपला घालायचा थांबला.

मष्णू खाली उतरून मांडवाच्या खांबाला टेकला. नागेंद्रचा फोन आला, यंत्र अडकलं का म्हणून. मष्णूनं दात खाऊन सांगितलं, की लई झ्याक चाललंय, मेलं अडकत न्हाय. पावसाळाभर त्यानं जे जे घातलं होतं ते ते सगळं त्यात होतं, आणि नेमकं काय गिळायचं, तेवढं तो घालायला विसरला होता.

पुढची जोडी दोरीला लागली. महादेव वरनं वाकला. त्याला बैलाचं नावही ठाऊक नव्हतं.

"काका, जरा यंत्र द्या की वर."

"यंत्र गावायचं न्हाय," मष्णू म्हणाला. "तू कान दे."

त्यानं पडदा पोटाशी धरला आणि बटण दाबलं. तिथं चार ओळी आल्या. बापाची ओळ त्यानं सांगितली. खालच्या दोन, हरल्याच्या, नुसत्या डोळ्यांनी वाचल्या, गिळल्या आणि एकदम चौथी, जिंकल्याची, सांगितली. महादेवनं ती उचलून मैदानावर फेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, महादेवला.