भिंतीकडची खुर्ची

बोटाला लागली ती लवंगच होती — कोटाच्या खिशात अगदी तळाशी, अस्तराच्या शिवणीत अडकलेली, डोकं मोडलेली. पडद्यावर पाणी आणायला गेलेली बाई अजून परतली नव्हती आणि कॅमेरा तिच्या रिकाम्या दारावर ठाण मांडून बसला होता, त्यामुळे सदाशिवरावांना अंधारात ती लवंग चाचपायला भरपूर सवड मिळाली. गेल्या हिवाळ्यातली असणार. मार्चमध्ये कोट ट्रंकेत गेला, मे महिन्यात वीणा गेली, आणि आता जानेवारीत कोट तेवढा बाहेर आला. ऐन सिनेमात खोकला येऊ नये म्हणून ती काही न बोलता त्यांच्या तळहातावर लवंग ठेवायची, आणि ते ती तोंडात टाकायचं विसरून खिशात टाकायचे, कारण पडद्यावर काहीतरी फार महत्त्वाचं चाललेलं असायचं. म्हणजे काहीच चाललेलं नसायचं. या दिग्दर्शकाचं महत्त्वाचं ते तेच.

याच्या सिनेमावरून, उत्तरेतल्या या शहरात, इंदिरा नगरच्या त्यांच्या फिल्म सोसायटीत वर्षानुवर्षं दोन तट होते, आणि तट म्हणजे अगदी डोळ्यांना दिसणारे. रविवारी सकाळचा खेळ संपला की खिडक्यांवर लावलेली कांबळी उतरायची, मातीच्या कुल्हडांतून चहा यायचा, आणि ज्यांना सिनेमा पटला त्यांनी खिडकीकडे बसायचं, ज्यांना पटला नाही त्यांनी भिंतीकडे, समोरासमोर. थंडीच्या दिवसांत ऊन सगळं खिडकीकडे. वीणा तरीही भिंतीकडेच बसायची, शाल कानापर्यंत ओढून, नाक लाल झालेलं... आणि आपल्या अहमदनगरी हिंदीत ठणकावून सांगायची, “वो औरत किधर गई, वो दिखाओ ना. खाली दरवाजा क्या देखना? हमारे घर में भी है.” सगळा हॉल हसायचा. मग खिडकीकडच्या उन्हातून सदाशिवराव उत्तर द्यायला उठायचे. रेल्वेतल्या नोकरीत पुलांची गणितं करण्यात जन्म गेला, पण बोलणं सुचायचं ते इथेच. हा वाद परतताना रिक्षात मराठीतून चालायचा, घरी मटार सोलताना चालायचा, त्यांचं प्रत्येक वाक्य ‘अगं, पण’ने सुरू व्हायचं आणि ती हुबेहूब त्यांच्या आवाजात ‘अगं, पण’ म्हणून त्यांचं पुढचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. चिडायचे ते. खरोखरीचे चिडायचे. एकदा तर जेवले नाहीत.

आता कुणी त्यांना चिडवत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. ती गेल्यापासून सोसायटीतले सगळे त्यांच्याशी फार जपून वागत. ज्याच्या घरी दुःख झालंय त्याचं बोलणं खोडायचं नाही, ही इथली अदब. जुलैत ते खिडकीकडून काहीतरी तद्दन चुकीचं बोलले होते, मुद्दामच, आणि समोरच्या भिंतीने एकजात माना डोलावल्या होत्या. मुलगी अनन्या दिल्लीहून फोन करायची — पापा, खाना खाया? — आणि ते हो म्हणोत की नाही, “ठीक है पापा” म्हणून ठेवायची. कामवाली, दूधवाला, बँकेतला सतीश, सगळ्यांचं ठीक है. सगळं जग त्यांच्याशी सहमत होऊन बसलं होतं, आणि सहमत माणसांत दिवसचे दिवस काढणं म्हणजे काय असतं ते, वीणा, तुला कळायचं नाही, तुझ्याशी कधी कुणी सहमत झालंच नाही...

दिवे लागले. बाई परतलीच नव्हती. कांबळी उतरली, ऊन आत आलं, खुर्च्या सरकू लागल्या आणि सदाशिवराव चहाचा कुल्हड सांभाळत चालत गेले ते थेट भिंतीकडे. हे काही आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. आठवडाभर मनात घोळत होतं. खिडकीकडे प्रतिमा श्रीवास्तव होत्या — कॉलेजात हिंदी शिकवायच्या, या दिग्दर्शकाच्या कट्टर भक्त, एका दृश्यावरून त्यांनी वीणाशी महिनोन् महिने अबोला धरला होता. त्या गप्प बसायच्या नाहीत. निदान त्या तरी.

“काका, ऊन इकडे आहे,” सतीश म्हणाला. साताऱ्याकडचा पोरगा, त्यांना स्कूटरवरून आणायचा, न्यायचा.

“असू दे,” म्हणत ते वीणाच्या खुर्चीत बसले. लोखंडी खुर्ची, पाठीला भिंतीचा गारठा. हे ती दर हिवाळ्यात सोसत होती आणि आपण समोरून उन्हात तत्त्वज्ञान सांगत होतो, हे त्यांना आज पहिल्यांदा पाठीतून कळलं.

ते बोलायला उठले. आधी तिचंच वाक्य म्हणाले, ती औरत किधर गई ते दाखवा म्हणून, आणि कुणी हसलं नाही. मग पुढचं आपसूक येत गेलं. या माणसाने रिकामं घर कधी पाहिलेलं नाही, ते म्हणाले. रिकाम्या घरात दाराकडे कुणी बघत बसत नाही. दूध उतू जातं, फ्रिज घरघरतो, शेजारी टीव्ही चालू असतो, आणि तुम्हाला एकच हवं असतं, तिच्यामागे जायचं असतं, विहिरीपर्यंत, तिथून पुढे असेल तर पुढे. आणि हा कॅमेरा जात नाही. यात कला कसली. हा नुसता भित्रा आहे.

खाली बसताना मनातून ते कितीतरी महिन्यांनी ताजेतवाने झाले होते. त्यांनी प्रतिमाजींकडे पाहिलं. उठा आता. सोलून काढा मला.

प्रतिमाजींनी चष्मा काढला, पदराने पुसला. “सदाशिवजी ठीक कह रहे हैं,” त्या हळूच म्हणाल्या. “हमने कभी इस तरह सोचा ही नहीं था.”

आणि त्या उठल्या, आपली खुर्ची उचलून भिंतीकडे आल्या, सदाशिवरावांच्या शेजारी बसल्या. त्यांच्यामागून आणखी एकजण आला. मग दोघे. सतीशही आला, ओशाळा हसत. खिडकीकडे ऊन तेवढं उरलं, आणि सगळी सोसायटी गारठ्यात एका रांगेत बसून चहा पिऊ लागली.

परत येताना सतीश स्कूटरवर, काका, काय बोललात तुम्ही, असं दोनदा म्हणाला. सदाशिवरावांनी मफलर तोंडावर ओढून घेतला. फाटकाशी उतरले, जिना चढले, कुलूप काढलं. दार उघडून उंबऱ्यातच थांबले. टेबलावर सकाळचा कप होता. फ्रिज घरघरत होता. मघाशी मी भर सभेत जे म्हणालो, वीणा, ते सगळं तुझं. शब्दन् शब्द पाठ आहे मला. मग यावर मी काय म्हणायचो? खिडकीकडून उठून, ऐटीत, इतकी वर्षं... त्या रिकाम्या दारात काय दिसतं म्हणायचो मी?

आठवेना. तिची सगळी वाक्यं होती, त्यांचं एकही नव्हतं. त्यांची वाक्यं तिच्याजवळ असायची. तीच पुरी करायची ना.

“अगं, पण —” ते मोठ्याने म्हणाले.

वाक्य तिथेच राहिलं. घर गप्प होतं. पण मे महिन्यापासूनची शांतता वीणा बोलत नाही म्हणून होती, आणि ही तशी नव्हती. मघाशी हॉलमध्ये, त्यांच्याच तोंडून, तिचं बोलून झालं होतं. सदाशिवराव कोट न काढता उंबऱ्यात उभे राहिले, दार उघडं टाकून, खिशातली लवंग बोटांनी फिरवत. आता पाळी त्यांची होती.